जुलैतले शेजारी

६ फेब्रुवारी १९५८. म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवरून उडण्याच्या प्रयत्नात मँचेस्टर युनायटेडच्या संघाला घेऊन निघालेलं विमान कोसळलं. एकूण २३ माणसं गेली, त्यात संघाचे ८ खेळाडू. व्यवस्थापक मॅट बस्बी इस्पितळात मरणाशी झुंजत होते. तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कपचा सामना ठरलेला होता आणि तो झालाही. त्या दिवशीच्या छापील पत्रिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या होत्या, कारण छपाईच्या वेळी संघात कोण असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. राखीव संघातली पोरं पहिल्या संघात गेली, आणि मग राखीव संघात उभं करायला माणसं उरली नाहीत.

ती माणसं आली डरहॅमच्या कोळसापट्ट्यातल्या एका छोट्या गावातून. गावाचं नाव बिशप ऑकलंड. तिथला क्लब हौशी, खेळाडूंना पगार नाही. मात्र हौशी फुटबॉलमध्ये त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. एफए ॲमॅच्युअर कप या क्लबनं एकूण १० वेळा जिंकला, त्यातला १९५५, १९५६ आणि १९५७ असा ओळीनं तीन वर्षं. बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली हे त्यांचे तिघे खेळाडू युनायटेडच्या मदतीला गेले. हार्डिस्टी चाळिशीकडे झुकलेला होता. बस्बींची आणि त्याची ओळख जुनी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा संघ बस्बींनी सांभाळला होता आणि हार्डिस्टी त्या संघात होता. पुढं १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्येही तो खेळला. त्याच मेलबर्नमध्ये मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणारा नेव्हिल डिसोझा ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारून गेला आणि भारत चौथा आला. ब्रिटनला ६-१ हरवणाऱ्या बल्गेरियानंच भारताचं कांस्यपदकही हुकवलं.

हार्डिस्टी आणि लेविन यांनी युनायटेडचा राखीव संघ धरून ठेवला. ब्रॅडली पेशानं शाळामास्तर. तो मात्र पहिल्या संघात पोचला आणि १९५९मध्ये इंग्लंडसाठी ३ सामने खेळला. एकाच हंगामात इंग्लंडच्या हौशी संघातून आणि मुख्य संघातूनही खेळण्याचा मान त्याला मिळाला.

मग १९९६ उजाडलं. बिशप ऑकलंड कर्जाच्या आणि कोर्टकचेरीच्या खर्चाखाली दबलं होतं, क्लब बुडतो की काय अशी वेळ आली होती. तेव्हा मँचेस्टर युनायटेड त्यांच्यासाठी एक मैत्रीपूर्ण सामना खेळलं आणि त्यातून पैसा उभा राहिला. मधे ३८ वर्षं गेली होती. १९५८चा प्रसंग पाहिलेले बहुतेक लोक तोवर क्लबच्या कारभारातून बाहेर पडले होते, तरीही उपकाराची आठवण टिकली.

ही गोष्ट मी आधी सांगितली, कारण मोठा क्लब लहान क्लबच्या मैदानावर खेळायला जातो तेव्हा बातम्यांत त्याला ‘दानशूरपणा’ म्हणण्याची सवय पडली आहे. मला ते पटत नाही. इंग्लंडमधला फुटबॉल खालून वर वाढला. जेमी व्हार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्समध्ये घडला आणि पुढं लेस्टरसोबत प्रीमियर लीग जिंकला. इयान राइट ग्रिनिच बरोमधून क्रिस्टल पॅलेसला गेला. लेस फर्डिनंड हेजमधून आला. असे खेळाडू वर्षानुवर्षं वर जात राहिले, आणि त्यांना पहिली संधी देणाऱ्या क्लबांकडे त्याबदल्यात फार थोडं परत आलं. हंगामापूर्वी जुलैत होणारा असा सामना हा त्या जुन्या बाकीचा एक हप्ता आहे, असंच मी मानतो.

वाचकांसाठी रचना थोडक्यात सांगतो. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन पायऱ्या, प्रत्येकी २४ क्लबांच्या. असे मिळून ९२. त्याखालचं सगळं नॉन-लीग. तिथं वरच्या पायरीवर नॅशनल लीग, मग तिचे उत्तर आणि दक्षिण विभाग, मग नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन, आणि अशा आणखी कितीतरी पायऱ्या अगदी गावच्या मैदानापर्यंत. खालच्या पायऱ्यांवरचे खेळाडू दिवसा गवंडीकाम करतात, शाळेत शिकवतात, गोदामात काम करतात आणि मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सरावाला येतात. २०२५पासूनच्या चार हंगामांसाठी प्रीमियर लीगनं देशांतर्गत प्रक्षेपणाचा जो करार केला तो ६.७ अब्ज पौंडांचा आहे. आणि त्याच देशात असे असंख्य क्लब आहेत की शनिवारी पाऊस पडून सामना रद्द झाला तर पुढच्या आठवड्याचं मानधन कुठून द्यायचं, या काळजीत खजिनदाराची रात्र जाते.

मे ते ऑगस्ट हा काळ सर्वांत कठीण. हंगाम संपलेला असतो, म्हणजे गेटवर पैसा नाही. खर्च मात्र थांबत नाही. मैदानावर नवं बी पेरायचं असतं, पाणी द्यायचं असतं, विमा भरायचा असतो, जागेचं भाडं द्यायचं असतं, नव्या खेळाडूंशी बोलणी करायची असतात. नेमक्या याच दिवसांत वरच्या क्लबांना पायात बळ आणायला सामने हवे असतात. दोघांची गरज एकाच वेळी जुळते. मोठा क्लब बस घेऊन येतो, बहुतेकदा मानधन मागत नाही, फार तर येण्याजाण्याचा खर्च. गेटचे पैसे यजमानाला मिळतात. त्याहून जास्त पैसे बारमध्ये, बर्गरच्या गाडीवर, सोडतीच्या तिकिटांवर, पत्रिकेच्या विक्रीवर मिळतात. एरवी जिथं दोनतीनशे माणसं येतात तिथं दोनतीन हजार येतात. गावातला टाइल्सवाला किंवा गॅरेजवाला वर्षभर जाहिरातीचा फलक लावायला का-कू करतो, तो या संध्याकाळसाठी आपणहून फोन करतो.

आपल्याकडे जत्रेच्या फडात नावाजलेला मल्ल उतरला की चार गावं गोळा होतात आणि त्या गर्दीवर गावच्या तालमीचं वर्ष निघतं. इथंही निकालाला कुणी विचारत नाही. लोक आलेले असतात ते टीव्हीवर पाहिलेला खेळाडू हाताच्या अंतरावरून पाहायला. गोलपोस्टामागं साधा लोखंडी कठडा, त्याला टेकून उभं राहिलं की खेळाडू एकमेकांना काय ओरडून सांगतात ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं. एवढ्या जवळून पाहिलेलं पोर पुढच्या महिन्यात साध्या लीग सामन्यालाही येईल, ही क्लबची खरी आशा. काही येतातही. २०१०मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सचा जेम्स डो हा चाहता आपला संघ हंगामापूर्वीचा सामना खेळणार म्हणून डेव्हनमधल्या टॅव्हिस्टॉकला गेला. तिथून त्याला कल्पना सुचली ती ‘नॉन-लीग डे’ची. आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे वरच्या दोन लीग थांबतात त्या शनिवारी मोठ्या क्लबांच्या चाहत्यांनी जवळच्या लहान क्लबच्या सामन्याला जायचं, इतकी साधी ती कल्पना. आज तो दिवस दरवर्षी पाळला जातो, कितीतरी क्लब त्या दिवशी मोठ्या संघांचं हंगामी तिकीट दाखवणाऱ्यांना सवलत देतात.

याच्या उलट्या दिशेचंही एक उदाहरण आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मे २००२मध्ये एका आयोगानं विम्बल्डन क्लबला लंडन सोडून मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. एका शहराचा क्लब उचलून दुसऱ्या शहरात न्यायचा, हा इंग्लंडमध्ये धक्काच होता. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. विम्बल्डन कॉमनच्या गवतावर निवड चाचणी घेतली, कुणीही यावं अशी. संघ तर झाला, पण पहिला सामना कुणाशी आणि कुठं? १० जुलै २००२ला शेजारच्या सटन युनायटेडनं आपलं गँडर ग्रीन लेनचं मैदान त्यांच्यासाठी उघडलं. सटन स्वतः तेव्हा नॉन-लीगमध्ये होतं. नवा संघ ४-० हरला. पण सामन्याला ४,६५७ माणसं आली होती, आणि सामना संपल्यावर ती मैदानात उतरून हरलेल्या संघाला खांद्यावर घेत होती. आपला क्लब जिवंत आहे, हे त्या संध्याकाळी त्यांना डोळ्यांनी दिसलं. २०११मध्ये तोच क्लब ९२मध्ये पोचला. दहा वर्षांनी, २०२१मध्ये, सटनही पोचलं.

केंट परगण्यातल्या मेडस्टोनची कहाणी अशीच गुंतलेली. मेडस्टोन युनायटेडनं १९८८मध्ये आपलं मैदान विकलं, १९९२मध्ये कर्जापायी लीग सोडली आणि क्लब मोडला. नव्यानं उभा राहिलेला क्लब अगदी तळापासून, दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत खेळत वर आला. स्वतःच्या गावात घर मिळायला २०१२ उजाडावं लागलं. १४ जुलै २०१२ला गॅलॅघर स्टेडियमचं उद्‌घाटन झालं ते ब्रायटनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यानं. ब्रायटन ५-०नं जिंकलं. पाहुणा म्हणून ब्रायटनहून योग्य कुणी नव्हतं. त्यांचंही गोल्डस्टोन मैदान विकलं गेलं होतं आणि १९९७मध्ये ते सोडावं लागलं होतं, मग दोन वर्षं त्यांनी केंटमधल्याच जिलिंगहॅमला जाऊन ‘घरचे’ सामने खेळले आणि पुढं कितीतरी वर्षं एका ॲथलेटिक्सच्या मैदानावर तात्पुरत्या बाकांवर काढली. स्वतःचं स्टेडियम त्यांना २०११मध्ये मिळालं, म्हणजे मेडस्टोनच्या आधी फक्त एक वर्ष.

मेडस्टोननं आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. मैदानावर कृत्रिम गवत टाकलं. खरं गवत आठवड्यातून दोन सामन्यांतच थकतं, त्याला विश्रांती लागते. कृत्रिम मैदान आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत शाळांना, मुलामुलींच्या संघांना, हौशी मंडळींना भाड्यानं देता येतं. त्यामुळं क्लबचं पोट एका जुलैच्या संध्याकाळवर अवलंबून राहिलं नाही. २७ जानेवारी २०२४ला सहाव्या पायरीवरचं हेच मेडस्टोन एफए कपमध्ये इप्सविचच्या घरी जाऊन २-१ जिंकलं.

एफए कपचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, लहान क्लबांना वर काढायला तो कप आहे की. काढतो, नाकारायचं कारण नाही. एक्झेटर सिटी २००३मध्ये लीगमधून खाली पडलं, कर्जात होतं, चाहत्यांच्या संस्थेनं ते हाती घेतलं होतं. जानेवारी २००५मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं, त्यामुळं सामना पुन्हा खेळावा लागला आणि या दोन सामन्यांच्या उत्पन्नानं क्लबचा श्वास मोकळा झाला. आठव्या पायरीवरच्या मरीन क्लबला जानेवारी २०२१मध्ये टॉटनहॅम मिळालं. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून त्यांनी १० पौंडांची ‘आभासी’ तिकिटं काढली आणि ती ३०,००० हून अधिक विकली गेली. घेणाऱ्यांत टॉटनहॅमचे चाहते पुष्कळ होते. पण चिठ्ठी निघाली म्हणून हे घडलं. शंभरातल्या एकाला लागणाऱ्या सोडतीवर उरलेले नव्व्याण्णव क्लब आपला ताळेबंद मांडू शकत नाहीत. जुलैतला सामना लहान असतो, पण तो आधी ठरवता येतो, दरवर्षी येतो, आणि सचिवाला एप्रिलमध्येच वहीत लिहिता येतो.

आता तोही आकसत चालला आहे. वरच्या क्लबांचा जुलै आता अमेरिकेत, आशियात, ऑस्ट्रेलियात जातो. तिकडं सामन्याचे पैसे मिळतात, जर्सी विकल्या जातात. खुद्द प्रीमियर लीगही २०२३पासून अमेरिकेत उन्हाळी मालिका भरवते. आपला याच्याशी थेट संबंध आला तो २०११मध्ये. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजनं नोव्हेंबर २०१०मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतलं आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये, ऐन हंगामात, संघ बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायला आला. ब्लॅकबर्न ३-०नं जिंकलं. पुण्यातल्या पोरांना प्रीमियर लीगचा संघ घरी पाहायला मिळाला, याचा आनंद खोटा नव्हता. पण त्यातून नातं तयार झालं नाही. २०१२च्या मेमध्ये ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेलं, आणि २०१५नंतर पुणे एफसीचा मुख्य संघ आय-लीगमध्ये दिसला नाही. ब्लॅकबर्नपासून दहा किलोमीटरच्या आत ॲक्रिंग्टन आहे. तिथला स्टॅन्ली क्लब १९६२मध्ये लीगमधून बाहेर पडला, पुढं बुडाला, १९६८मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २००६पर्यंत नॉन-लीगमध्ये चिकाटीनं खेळत राहिला. त्यांच्याशी ब्लॅकबर्नचे हंगामापूर्वीचे सामने होत आले आहेत. दूरच्या दौऱ्यापेक्षा असा सामना किती कमी खर्चात किती जास्त देतो, हे मालकांना नकाशा पाहिला तरी कळेल.

जे क्लब शेजारी जातात त्यांचंही सगळंच सरळ नसतं. पोस्टरवर मोठ्या क्लबचं नाव, आणि त्यापुढं बारीक अक्षरात ‘इलेव्हन’. म्हणजे येणार ती अकादमीची सतरा-अठरा वर्षांची मुलं. मुलं छान खेळतात, पण तिकीट काढून आलेल्या कुटुंबाला फसवल्यासारखं वाटतं आणि राग निघतो यजमान क्लबवर. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या संघातले निदान पाच-सहा जण तासभर तरी मैदानावर दिसणार असतील तरच क्लबनं आपलं नाव वापरू द्यावं. नाहीतर अकादमीचा सामना म्हणूनच जाहीर करावा आणि तिकीट निम्मं ठेवावं. दुसरा प्रकार त्याहून कोरडा. सराव केंद्रात, बंद दाराआड, लहान क्लबला बोलावून सामना खेळायचा. मोठ्यांच्या पायांना व्यायाम होतो, लहानांच्या हाती मात्र छायाचित्रांपलीकडं काही लागत नाही.

वर्षभराचं नातं असलं की गोष्ट वेगळी होते. आर्सेनलच्या महिला संघानं वर्षानुवर्षं बोरहॅम वुड या नॉन-लीग क्लबच्या मेडो पार्कवर आपले घरचे सामने खेळले, आणि जुलैत पुरुषांचा एखादा संघही तिथं येत राहिला. म्हणजे मैदान राखायला कारण मिळालं, भाडं मिळालं, सोयी सुधारल्या. २०२२मध्ये बोरहॅम वुड एफए कपच्या पाचव्या फेरीत पोचलं.

आणि तरीही मैत्रीपूर्ण सामन्यानं काय साधत नाही, ते गेट्सहेडकडून शिकावं. टाइन नदीच्या एका काठावर न्यूकॅसल, दुसऱ्या काठावर गेट्सहेड. १९६०मध्ये इतर क्लबांनी मतदान करून गेट्सहेडला लीगमधून काढलं आणि पीटरबरोला घेतलं. तेव्हापासून ते परत वर आलेले नाहीत. २०१९मध्ये क्लब आर्थिक गर्तेत होता, चाहत्यांनी पुढाकार घेऊन तो ताब्यात घेतला, तरी शिक्षा म्हणून एक पायरी खाली जावं लागलं. तिथून ते पुन्हा चढले. जुलै २०२३मध्ये न्यूकॅसलनं आपल्या हंगामाची तयारी गेट्सहेडच्या मैदानावर खेळून सुरू केली. न्यूकॅसल तेव्हा वीस वर्षांनी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणार होतं, सौदी पैशानं श्रीमंत झालं होतं, आणि तरी त्यांनी पहिला सामना नदीपलीकडे ठेवला. हे चांगलंच झालं.

त्या हंगामात गेट्सहेड नॅशनल लीगमध्ये सहावं आलं. सहाव्या क्रमांकाला बढतीच्या प्ले-ऑफमध्ये जागा असते. ती त्यांना नाकारली गेली. कारण असं की लीगमध्ये येणाऱ्या क्लबला आपल्या मैदानावर दहा वर्षांची हमी दाखवावी लागते, आणि गेट्सहेड इंटरनॅशनल स्टेडियम नगरपरिषदेचं आहे. ती हमी क्लबला दाखवता आली नाही. पाचव्या आलेल्या सॉलिहल मूर्सला न खेळता पुढची फेरी मिळाली. काही दिवसांनी, ११ मे २०२४ला, हेच दोन संघ एफए ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर समोरासमोर आले. २-२ झालं, मग पेनल्टीवर गेट्सहेड जिंकलं. मैदानावर त्यांच्यात काय कमी होतं? काहीच नाही. कमी होता तो एक कागद.

शेजाऱ्याच्या सदिच्छेनं असा कागद मिळत नाही. लहान क्लब बुडतात ते बहुधा दोन गोष्टींनी, जागा हातून जाते म्हणून किंवा मालक बेजबाबदार निघतो म्हणून. १८८५चा बरी क्लब दोनदा एफए कप जिंकलेला, त्याला २७ ऑगस्ट २०१९ला लीगमधून काढलं गेलं ते कारभारामुळे. जुलै २०२५मध्ये ब्रिटिश संसदेच्या फुटबॉल कारभाराच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं आणि वरच्या पाच पायऱ्यांसाठी स्वतंत्र नियामक आला. नॅशनल लीग त्यात येते. तिच्याखालचे शेकडो क्लब येत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या क्लबांनी एका सामन्याच्या पुढं जावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे जमीनविषयक कायदा जाणणारे वकील आहेत, गवत जाणणारे लोक आहेत, हिशेब तपासणारे आहेत. नगरपरिषदेशी भाडेकराराची बोलणी चालू असताना नदीपलीकडच्या क्लबचा एक वकील टेबलावर बसला, तर त्याचं मोल चार जुलैंच्या गेटपेक्षा जास्त ठरेल.

हिचिन गावच्या क्लबचं टॉप फील्ड मैदान जागेच्या अशाच काळजीत वर्षानुवर्षं राहिलं आहे. लाकडी स्टँडचं, जुन्या वळणाचं मैदान, जमीन गावच्या गुराखी-हक्कदारांच्या न्यासाची. हिचिन गावचा जुना क्लब १८७१च्या पहिल्यावहिल्या एफए कपमध्ये उतरलेल्या १५ संघांपैकी एक. मधे याच जागी सुपरमार्केट आणण्याचा बेत निघाला, तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं. पंधरा किलोमीटरच्या आतलं ल्यूटन टाउन कितीतरी उन्हाळ्यांत तिथं येऊन आपल्या तयारीची सुरुवात करत आलं आहे. ल्यूटन स्वतः २००९ ते २०१४ नॉन-लीगमध्ये होतं, २००८-०९च्या हंगामात त्यांचे ३० गुण कापले गेले होते. २०२३मध्ये ते प्रीमियर लीगमध्ये पोचलं, २०२४मध्ये तिथून आणि २०२५मध्ये चॅम्पियनशिपमधूनही खाली आलं. या सगळ्या चढउतारात ल्यूटनचे चाहते हिचिनचा रस्ता विसरलेले नाहीत, आणि टॉप फील्डच्या जागेचा प्रश्न निघाला की हिचिनकरांना पाठिंबा देणाऱ्यांत ल्यूटनच्या टोपीतली माणसं असावीत, एवढी अपेक्षा त्यांच्याकडून नक्की ठेवता येते.